वाट झाकणारी बखर

कॅप्टन मोहन नारायणराव सामंत यांना १९७१ च्या युद्धासाठी महावीर चक्र मिळालं. एवढा मोठा सन्मान मिळालेल्या माणसाचा पराक्रम सर्वांना ठाऊक असेल, असं आपण धरून चालतो. पण नौदलाच्या या मराठी अधिकाऱ्यानं त्या वर्षी नेमकं काय केलं, ते सामान्य वाचकासमोर सविस्तर यायला २०१९ उजाडलं. ‘ऑपरेशन एक्स’ हे ते पुस्तक. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, सामंत यांचं आणि पत्रकार संदीप उन्नीथन यांचं. हार्परकॉलिन्सनं ते काढलं. पुस्तक दुकानात आलं तेव्हा सामंत हयात नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले होते.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि वरवर पाहिलं तर युद्धाच्या थरारकथांच्या रांगेत सहज बसेल. गोंदियात बसून वाचताना मात्र मन वेगळ्याच ठिकाणी अडतं. आमच्या जिल्ह्याच्या सालेकसा, देवरी, चिचगड, केशोरी या पट्ट्यात रात्री जंगलात शिरणारी आणि परतल्यावर कुठं गेलो होतो ते घरीही न सांगणारी माणसं वर्षानुवर्षं राहत आली आहेत. नक्षलवाद्यांविरुद्ध लढणाऱ्या सी-६० या पोलीस तुकडीचे जवान ते. त्यांच्यातला कुणी उद्या लिहायला बसला तर काय लिहील, आणि त्यातलं काय त्यानं लिहू नये? हा प्रश्न उशाशी ठेवून मी सामंतांचं पुस्तक वाचलं. गुप्त मोहिमेवर गेलेल्या सैनिकानं ती छापावी की नाही, यावर जगभर भांडणं झाली आहेत. एक बाजू म्हणते, शपथ घेतली होती, गप्प बसा. दुसरी म्हणते, लोकांच्या नावानं जे झालं ते लोकांना कळू द्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण छापलेल्या ओळीची किंमत शेवटी कोण मोजतं, हे दोघांपैकी कुणी फारसं विचारत नाही. ‘ऑपरेशन एक्स’ मला मोलाचं वाटतं ते या प्रश्नाच्या उजेडात.

कथा सुरू होते फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात. पाकिस्तानची ‘मँग्रो’ ही पाणबुडी तिथं होती आणि तिच्यावर बंगाली नौसैनिक होते. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्करानं कत्तल सुरू केली. ती बातमी कळल्यावर त्यांच्यातले काही जण महिनाअखेरीस पाणबुडी सोडून पळाले. स्पेनमधल्या भारतीय वकिलातीच्या मदतीनं आठ जण एप्रिलमध्ये भारतात पोचले. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय यांनी या आठ जणांकडे पाहून एक योजना आखली आणि ती राबवायला सामंतांना घेतलं. सामंत पाणबुडीवाले. ‘करंज’ या पाणबुडीचे पहिले कमांडिंग ऑफिसर. त्यांना आता पाण्याखालून लढणारी माणसं घडवायची होती, आणि तीही अशा मुलांमधून, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी सैन्याचा गणवेश कधी अंगावर घातला नव्हता.

प्लासीला भागीरथीच्या काठी छावणी पडली. शेतकऱ्यांची आणि कॉलेजात जाणारी मुलं निर्वासितांच्या छावण्यांतून निवडून आणली होती. नदीच्या खेड्यांत वाढलेली, पट्टीची पोहणारी. छातीला वजन बांधून प्रवाहात तासन् तास पोहायचं, आवाज न करता हात मारायचा, फक्त नाक पाण्यावर ठेवायचं, हे त्यांना शिकवलं गेलं. जिवाचं बरंवाईट झालं तर कुणाला जबाबदार धरणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. चारशेहून अधिक मुलं इथून तयार झाली. भारतानं अजून युद्ध पुकारलेलं नव्हतं, त्यामुळे ही छावणी कागदोपत्री नव्हतीच.

आता मी जवळून पाहतो त्या दोन गोष्टी. पहिली सुरुंगाची. जहाजाच्या पोलादाला चुंबकानं चिकटणारा हा सुरुंग लिंपेट माइन म्हणून ओळखला जातो. पोहणाऱ्यानं तो गमछ्यानं छातीशी बांधून न्यायचा, जहाजाच्या बुडाशी जाऊन शेवाळ खरवडायचं, सुरुंग चिकटवायचा आणि परत फिरायचं. स्फोट किती वेळानं व्हावा हे एका विरघळणाऱ्या बुचावर ठरत असे. बूच पाण्यात विरघळलं की चाप सुटायचा. पण जहाजापर्यंत पोहत जायलाच इतका वेळ लागायचा की बूच वाटेतच विरघळून सुरुंग पोहणाऱ्याच्या छातीवर फुटला असता. उपाय निघाला तो कंडोमचा. बुचावर तो चढवायचा आणि जहाजाशी पोचल्यावर काढून टाकायचा. युद्ध न पुकारलेल्या देशाच्या नौदलानं कंडोम मोठ्या संख्येनं मागवले तेव्हा मागणी पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. माझं लक्ष जातं ते दुसरीकडे. हे वाचताना अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलाची छाती दिसते. शस्त्राच्या वर्णनात शस्त्र वापरणाऱ्याचं शरीर दिसणं, हे युद्धावरच्या लिखाणात फार थोड्यांना जमतं. आणि नीतीच्या अंगानं पाहिलं तर हा तपशील आज कुणाच्याही जिवावर बेतणारा नाही. तो सुरुंग, ते बूच आणि ती युक्ती सगळं कालबाह्य झालं आहे. उरली आहे ती त्या मुलांनी पत्करलेली जोखीम, आणि ती जगाला कळायलाच हवी होती.

दुसरी गोष्ट गाण्यांची. ऑगस्टच्या मध्यावर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांवर एकाच वेळी घाव घालायचा होता. तुकड्या आधीच आत शिरून लपल्या होत्या. त्यांच्याशी वायरलेसवर बोलणं म्हणजे पत्ता सांगण्यासारखं. म्हणून तुकडीप्रमुखांच्या हातात साधे ट्रान्झिस्टर दिले आणि आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेल्या वेळी दोन गाणी वाजवायचं ठरलं. पहिलं पंकज मल्लिक यांच्या आवाजातलं. ते लागलं की तयारीला लागायचं. दुसरं बाहुली सासरी निघाल्याचं. ते लागलं की पाण्यात उतरायचं. त्या दिवसांत बंगालभर हजारो घरांत ती गाणी लागली असतील, कुणी स्वयंपाक करता करता ऐकली असतील, आणि कुठल्या तरी खोपटात बसलेल्या मुलाला त्यांतून मृत्यूची तारीख कळली असेल. चितगावच्या तुकडीचे प्रमुख अब्दुल वाहेद चौधरी हे तुलाँहून पळालेल्या आठांपैकीच एक. त्या रात्री चितगावला ‘अल अब्बास’ आणि ‘हॉर्मुझ’ ही जहाजं स्फोटांनी फुटली, आणि पूर्व पाकिस्तानात सगळं आलबेल आहे हा दावा जगासमोर टिकेनासा झाला.

पुस्तकाची मांडणी तृतीयपुरुषी आहे, आणि मला त्यातली ही सगळ्यात मोठी निवड वाटते. नायक मुखपृष्ठावर लेखक म्हणून उभा आहे आणि आत मात्र तो ‘कमांडर सामंत’ म्हणून चालतो, बाकीच्यांसारखाच. ‘मी’ गेला की दोन गोष्टी साधतात. सोबत्यांना जागा मिळते. नौदलाचे जॉर्ज मार्टिस आणि चिमण सिंग, चौधरी, प्लासीची पोरं ही सगळी आपापल्या पायांवर उभी राहतात, नायकाच्या आठवणीतली प्यादी होऊन येत नाहीत. दुसरं म्हणजे आठवणीवर दुसऱ्या माणसाची नजर राहते. एकट्यानं लिहिलेल्या युद्धकथेत पन्नास वर्षांनी स्वतःचा हात जरा लांब आणि शत्रू जरा जवळ दिसू लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे. पत्रकार शेजारी बसला की त्याला आवर बसतो. पुस्तकात काही ठिकाणी थरार वाढवण्याचा मोह पत्रकारालाही झाला आहे, आणि तिथं वाचणाऱ्याला थोडं चकचकीत वाटतं. पण पाया पक्का आहे.

पक्का म्हणण्याचं खरं कारण १० डिसेंबर. तोवर उघड युद्ध सुरू झालं होतं. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या कोलकाता बंदराच्या साध्या नदीबोटी. त्यांच्यावर चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवून त्यांच्या गनबोटी केल्या होत्या. त्यांच्या जोडीला भारताची ‘पनवेल’. हा ताफा सामंतांच्या हाताखाली सुंदरबनच्या खाड्यांतून मोंगलात घुसला आणि तिथून खुलन्याकडे निघाला. वरून आपली विमानं येतील म्हणून बोटींचे वरचे भाग पिवळे रंगवले होते. विमानं आली, आपलीच, नॅट. त्यांनी शत्रू समजून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ यांच्यावर हल्ला केला. दोन्ही बोटी गेल्या. ‘पलाश’च्या इंजिनखोलीतले मोहम्मद रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशानं पुढं ज्या सात जणांना आपला सर्वोच्च ‘वीरश्रेष्ठ’ किताब दिला, त्यांच्यातले ते एक. जखमी चिमण सिंग पाण्यात पडलेल्या सोबत्यांना किनाऱ्याला लावत राहिले, शत्रूच्या हाती सापडले आणि ढाका पडल्यावर सुटले. त्यांनाही महावीर चक्र मिळालं. सामंत ‘पनवेल’वर होते. माणसं उचलत, गोळीबार झेलत त्यांनी कामगिरी पुरी केली.

आपल्याच विमानांनी आपलेच लोक मारले. सैनिकाच्या लेखणीला सर्वांत जड जाणारं वाक्य हे. शत्रूचे बेत सांगायला कुणाला काही वाटत नाही, आपल्या पराक्रमाचं वर्णन तर आपसूक होतं. आपल्या बाजूची चूक, तीही दुसऱ्या दलाची, लिहिली की अंगावर माणसं येतात. आणि ती लिहिली नाही तर रुहुल अमीन कसे गेले हे त्यांच्या लेकरांना कायम अर्धवट कळत राहतं. ‘ऑपरेशन एक्स’ ती चूक झाकत नाही, आरडाओरडाही करत नाही. ती घडली कशी हे सांगतं. गुप्त मोहिमेवरचं पुस्तक लिहायला नैतिक आधार हवा असेल तर माझ्या लेखी याहून भक्कम आधार नाही. गुप्ततेच्या आड शौर्यापेक्षा चुकाच जास्त लपतात.

आणि सामंत बोलले नसते तर उरलं असतं काय? या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण खात्यानं लिहून घेतला. तो वर्षानुवर्षं कपाटात राहिला आणि २००० साली वर्तमानपत्राच्या हाती लागून बाहेर आला. बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या प्रशिक्षणाची कोलकात्याच्या ईस्टर्न कमांडमधली कागदपत्रं नष्ट करण्यात आल्याची बातमी २०१० मध्ये छापून आली होती. ज्या छावणीची सरकारी नोंदच ठेवायची नव्हती तिची साक्ष शेवटी काही म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात उरते. अशा वेळी न बोलणं हाही एक निर्णय ठरतो, आणि त्याचा तोटा ज्यांना बोलायची संधीच मिळाली नाही त्यांना होतो. खुद्द मिहिर रॉय यांनीही आपल्या पुस्तकात या मोहिमेबद्दल लिहिलं होतं. बांगलादेशातल्या नौकमांडोंनी बंगालीत लिहिलं. एकाच रात्रीकडे काठाच्या दोन्ही बाजूंनी पाहता येतं, ही त्या सगळ्यांनी आपल्यासाठी केलेली सोय आहे. आपल्याकडच्या वाचकानं तिकडचं लिखाण दुय्यम मानू नये. पाण्यात उतरली होती ती त्यांची मुलं.

मराठीत या जातीच्या लिखाणाची परंपरा जुनी आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९४ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. सभासद काही छापा घालणारा सैनिक नव्हता, पण राज्याच्या आतला माणूस होता आणि ज्यांनी छापे घातले त्यांच्यात वावरला होता. तीन दशकांपूर्वीचा लाल महालावरचा छापा तो सांगतो तेव्हा बरोबर कोण होतं त्यांची नावं देतो. जालन्याच्या स्वारीचा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. १६७९ चा शेवट. शिवाजी महाराज जालना लुटून परतत असताना मोगलांनी गाठलं. सिधोजी निंबाळकर पडले. सुटण्याचा मार्ग दिसेना. तेव्हा बहिर्जी नाईकानं शब्द दिला की मी सुखरूप नेतो, आणि तीन दिवस तीन रात्री चालवून सैन्याला पट्टा किल्ल्यावर पोचवलं. सभासद बहिर्जीचं नाव घेतो, त्याच्या शहाणपणाची वाखाणणी करतो, किती दिवस चालले ते सांगतो, कुठे पोचले ते सांगतो, पडलेल्यांचं नाव घेतो. वाट मात्र तो सांगत नाही. कुठल्या खिंडीतून, कुणाच्या गावावरून, कुणी पाणी पाजलं, कुणी पुढं होऊन रस्ता दाखवला, याचा पत्ता बखरीत नाही. औरंगजेब दक्षिणेत छावणी टाकून बसलेला असताना ही बखर लिहिली जात होती. सभासदानं वाट जाणूनबुजून झाकली की त्याला ती ठाऊकच नव्हती, हे सांगायला काही साधन नाही. पण वाचताना ओळींमधली ती मोकळी जागा मला या विषयावरचा सर्वांत शहाणा मजकूर वाटते. श्रेय उघड, नुकसान उघड, वाट बंद.

या फूटपट्टीवर जगातली गाजलेली पुस्तकं मोजून पाहावीत. ओसामा बिन लादेनला मारणाऱ्या तुकडीतल्या एका अमेरिकन सील कमांडोनं २०१२ मध्ये मार्क ओवेन या टोपणनावानं पुस्तक छापलं. छापण्याआधी ते तपासायला दिलं नव्हतं. छाप्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. उत्पन्नातून देणगी देण्याची इच्छा त्यानं जाहीर केली, तर सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं ते पैसे घ्यायला नकार दिला. पुढे सरकारनं त्याच्याकडून लाखो डॉलर वसूल करण्याचा करार करून घेतला. ब्रिटनमध्ये पहिल्या आखाती युद्धातल्या एसएएस या विशेष दलाच्या एका गस्तीवर अँडी मॅक्नॅब आणि ख्रिस रायन या टोपणनावांनी दोघांनी स्वतंत्र पुस्तकं लिहिली. ती तडाखेबंद खपली. रायनच्या पुस्तकात मोहीम फसण्याचा बराचसा ठपका व्हिन्स फिलिप्स या सार्जंटवर येतो. फिलिप्स त्याच मोहिमेत थंडीनं मेला होता. नंतर मायकेल अ‍ॅशर हा माजी एसएएस सैनिक इराकमध्ये त्याच वाटेनं चालत गेला, गावकऱ्यांशी अरबीत बोलला आणि दोन्ही पुस्तकांतल्या कितीतरी गोष्टी जुळत नसल्याचं त्यानं २००२ मध्ये दाखवून दिलं. ब्रिटिश सरकारनं दरम्यान विशेष दलांच्या सैनिकांकडून गुप्ततेचे करार लिहून घ्यायला सुरुवात केली होती. सरकारची गुपितं फुटली याचं मला फारसं दुःख होत नाही. मेलेल्या माणसावर ठपका ठेवून त्याच्या घरच्यांना जन्मभर मान खाली घालायला लावणं, हे त्याहून कितीतरी वाईट. मेलेला माणूस पुस्तक लिहीत नाही. सामंतांनी चिमण सिंगांना आणि प्लासीच्या मुलांना जी जागा दिली तिची किंमत इथं कळते.

आपल्याकडे सरकार स्वतः किती बोलतं, हेही पाहायला हवं. २९ सप्टेंबर २०१६ ला नियंत्रणरेषेपलीकडचा हल्ला लष्करानं पत्रकार परिषदेत जाहीर केला. वर्षभरात शिव अरूर आणि राहुल सिंग यांच्या पुस्तकात त्या हल्ल्याचं नेतृत्व करणारा मेजर ‘माईक टँगो’ या नावानं बोलू लागला. २०१८ मध्ये हल्ल्याची चित्रफीत वाहिन्यांवर फिरली आणि पुढच्याच जानेवारीत सिनेमा आला. त्या हल्ल्याच्या वेळी उत्तर कमांडचे प्रमुख असलेले लेफ्टनंट जनरल डी. एस. हुडा निवृत्तीनंतर जाहीरपणे म्हणाले होते की सुरुवातीचा आनंद समजू शकतो, पण नंतर त्याचा झालेला गाजावाजा अनाठायी होता. दुसरीकडे, गुप्तवार्ता आणि सुरक्षा यंत्रणांतून निवृत्त झालेल्या केंद्रीय अधिकाऱ्यांनी आपल्या खात्याबद्दल परवानगीशिवाय काही छापू नये, असा नियम २०२१ मध्ये पेन्शनच्या नियमांत घातला गेला. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा डोक्यावर होताच. पुण्याचे जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले. त्यांचं आत्मकथन जानेवारी २०२४ मध्ये येणार म्हणून जाहीर झालं आणि तपासणीत अडकून पडलं. २०२५ मध्ये त्यांची कादंबरी मात्र आली. तपासणी असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तपासणीला मुदत नसेल आणि नकाराचं कारण लेखी मिळणार नसेल, तर ती सैनिकाच्या तोंडावर ठेवलेला हात ठरते. सोयीचं असेल ते सरकारनं सांगायचं आणि गैरसोयीचं असेल ते सैनिकानं गिळायचं, हे मला पटत नाही.

आता आपल्या जंगलाकडे येऊ. सी-६० ही तुकडी १९९० मध्ये गडचिरोलीत के. पी. रघुवंशी यांनी उभी केली आणि पुढे गोंदियातही तशी पथकं आली. तिचं बळ हेच की जवान इथलेच. गोंडी, छत्तीसगडी, झाडीबोली बोलणारे, मोहाच्या आणि तेंदूच्या जंगलात लहानपणापासून फिरलेले. आणि तिची सगळ्यात मोठी जोखीमही तीच. जवान, नक्षल दलमचा सदस्य आणि पोलिसांना चार शब्द सांगणारा माणूस हे तिघे एकाच गावचे, कधी एकाच घराचे असू शकतात. चकमकीनंतर आपल्या वर्तमानपत्रात जी बातमी येते तिची सुरुवात ठरलेली असते, गोपनीय माहितीच्या आधारे. कुणाची माहिती, कुठून, कधी, हे त्यात नसतं. पत्रकारही विचारत नाहीत. त्या न विचारण्यावर एखादं घर उभं असतं. खबऱ्या असल्याच्या संशयावरून गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात किती आदिवासींचे जीव गेले, आणि प्रेताशेजारी ठेवलेलं पत्रक वाचून गावानं कसे दिवस काढले, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सुट्टीवर घरी आलेल्या जवानांनाही सोडलं गेलेलं नाही.

समजा, निवृत्त जवानानं अगदी प्रेमानं लिहिलं की पहाटे नाल्याकाठी एका म्हातारीनं आम्हाला आंबील दिली आणि दलम कुठल्या बाजूला गेलं ते हातानं दाखवलं. नाव नाही, गाव नाही. लेखकाला वाटेल, मी काय उघड केलं? पण चाळीस घरांच्या टोल्यात नाल्याकाठी राहणारी म्हातारी एकच असते. तारीख बातमीत असतेच. मुंबईच्या संपादकाला ही ओळ पुस्तकातली सगळ्यात हृद्य वाटेल आणि तो ती ठेवायचा आग्रह धरील. तिचं घर मात्र त्या ओळीखाली येईल. सामंतांच्या पुस्तकात नदीकाठच्या ज्या लोकांनी मुलांना लपवलं त्यांचा उल्लेख वाचताना भीती वाटत नाही, कारण ज्यांचा सूड घ्यायला येण्याचा धोका होता ते लष्कर १६ डिसेंबर १९७१ ला शस्त्रं टाकून गेलं. तिथं उल्लेख म्हणजे सन्मान. आमच्याकडे तोच उल्लेख म्हणजे धोका, आणि तो धोका किती वर्षांनी संपतो हे पुण्या-मुंबईहून ठरवता येत नाही. सरकारनं नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत साथीदारांसह गोंदियात शरण आला. जंगलातली हत्यारं कमी होत जातील, पण गावातली वैरं इतक्यात संपत नाहीत. त्या म्हातारीच्या नातवाला त्याच गावात बांधीत रोवणा करायचा आहे.

म्हणून जवानांनी गप्पच बसावं का? बिलकुल नाही. एप्रिल २०१८ मध्ये गडचिरोलीत बोरिया-कसनासूरच्या चकमकीत तीसहून अधिक जण मारले गेले. आपली मुलं नक्षलवादी नव्हती, असं गट्टेपल्लीची कुटुंबं म्हणाली. ती नव्यानं भरती झालेली होती, असं पोलीस म्हणाले. तिथं इंद्रावतीच्या काठी उभ्या असलेल्या जवानाला काय दिसलं, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? २००९ च्या लाहेरीत सतरा पोलीस गेले. त्या दिवशी कुठला निरोप चुकला आणि कुठली कुमक पोचली नाही, हे सोबत्यांनाच ठाऊक. शौर्यपदकाच्या मानपत्रात ते येत नाही, यायची अपेक्षाही नाही. १० डिसेंबरची ती तीन नॅट विमानं सामंतांच्या पुस्तकात आली तशी या जंगलातली चुकलेली दुपारही कधीतरी कागदावर यायला हवी.

सी-६० च्या पहिल्या तुकड्यांतली माणसं आता साठीला टेकली आहेत. त्यांच्यातले अनेक जण लिहीत नाहीत, पण बसून सांगतात, आणि गोंडीत किंवा झाडीबोलीत फार चांगलं सांगतात. त्यांचं बोलणं आताच ध्वनिमुद्रित व्हावं. पोलीस खात्याच्या कपाटात ते पडू नये, कारण खात्याला त्यातलं काही नकोसं वाटू शकतं. ते विद्यापीठात किंवा पुराभिलेखागारात मोहोरबंद ठेवावं. दोन प्रती असाव्यात, एकीत सगळं आणि दुसरीत माणसांची नावं, टोले, नाले आणि पायवाटा वगळलेल्या. दुसरी प्रत वाचकांसाठी लवकर खुली व्हावी. पहिली केव्हा उघडायची हे ठरवताना गृहखात्याच्या अधिकाऱ्याइतकाच शब्द त्या टोल्यांतल्या माणसांचा असावा, ज्यांनी पाणी दिलं, वाट दाखवली, किंवा ज्यांच्या घरचं माणूस दोन्हींपैकी कुठल्या तरी बाजूच्या गोळीनं गेलं. सामंतांची कथा पुस्तक होऊन यायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली, आणि तोवर प्लासीचे कितीतरी जण उरले नव्हते. सालेकसा-देवरीच्या माणसांकडे तेवढा वेळ नाही.